चौदा वर्षांच्या मुलीला अप्पर लिप करू द्यावं का?

घंटाळीची_आई: लेक नववीत आहे. वर्गातली दोन पोरं तिला "ए मिशी" म्हणून हाक मारतात, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, तिने स्वतः अवाक्षर काढलं नाही. जूनपासून शाळेत मास्क लावून जातेय, मला वाटलं धुळीचा त्रास असेल. दिवाळी पहाटला ठाण्यात राम मारुती रोडवर सगळ्या मैत्रिणी साड्या नेसून फोटो काढत होत्या आणि ही त्यांच्यात मास्क लावून उभी. गेल्या रविवारी बाथरूममध्ये बाबांचा रेझर ओला दिसला आणि हिच्या ओठावर कापल्याची बारीक लाल रेघ. दहावी होईपर्यंत पार्लर नाही, आहेस तशी छान आहेस, असंच मी आजवर सांगत आले. आता काही सुचत नाहीये.

खारेगावकर: अहो न्या तिला! पाच मिनिटांचं काम आहे. "आहेस तशी छान" हे आपण घरात म्हणतो पण दिवसाचे सहा तास ती त्या वर्गात काढते ना.

नौपाडा_जुना: अजिबात पटलं नाही. चिडवणारी पोरं मोकळी आणि दोरा मुलीच्या ओठावर, हा कुठला न्याय? आज ओठ, उद्या हनुवटी, मग हात, मग लेझर. २०२४ ला यूपी बोर्डात ९८.५ टक्के मिळवून दहावीत पहिली आलेल्या मुलीच्या फोटोवर लोक मार्कांबद्दल नाही, तिच्या चेहऱ्यावरच्या केसांबद्दल बोलत होते. म्हणजे आपण मुलींना काय शिकवणार, आधी ओठ साफ करा मग पहिल्या या? शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटा, त्या पोरांच्या आईवडलांना बोलवायला लावा.

खारेगावकर: शाळेत जायलाच हवं, त्याला कोण नाही म्हणतंय. पण मीटिंग होईपर्यंत पोरगी रेझरने तोंड कापत बसेल त्याचं काय?

स्किन_ओपीडी: मी त्वचेच्या ओपीडीत काम करते म्हणून दोन गोष्टी सांगते. काढल्याने केस दाट होतात हे खरं नाही, रेझरने केसाचं टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला खरखरीत लागतं, मुळाला काही होत नाही. वयात येताना हार्मोन्समुळे लव थोडी गडद होणं नॉर्मलच. मात्र हनुवटी-जबड्यावर जाड राठ केस असतील, किंवा पाळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही दोन पाळ्यांत ४५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल तर पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा आणि केस वाढण्याचा त्रास, आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोरं करणारं क्रीम आणू नका प्लीज, स्टेरॉईडवाली क्रीम लावून चेहऱ्यावर उलट जास्त केस आलेल्या मुली आम्ही बघतो.

ऐरोली_१९: मी या मुलीच्या जागी होते. आईने पार्लरला नाही म्हटलं म्हणून मी रात्री गुपचूप तिचं ब्लीच लावलं आणि झोप लागली, सकाळी ओठाच्या वर सालपटं. आठवडाभर कॉलेजला गेले नाही. आता कधी थ्रेडिंग करते, परीक्षा असली की महिनाभर करत नाही, आणि लव असली तरी वाशीला मैत्रिणींबरोबर तशीच फिरते. हे मला "तू छान आहेस" ऐकून जमलं नाही, निर्णय माझ्या हातात आला तेव्हा जमलं.

नौपाडा_जुना: वाचून वाईट वाटलं बाळा. तरी चौदाव्या वर्षी हा निर्णय तिचा स्वतःचा असतो की त्या दोन पोरांचा, हे मला कुणी सांगावं.

घंटाळीची_आई: सगळ्यांचे आभार. काल रात्री तिच्याशी बोलले. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तू दर पंधरा दिवसांनी गोखले रोडला पार्लरमध्ये जातेस ना, मग मीच का आहे तशी छान?" मला उत्तर देता आलं नाही. नौपाडा दादा, तुमचा प्रश्न मी तिलाच विचारला, तर म्हणाली पोरांनी चिडवायच्या आधी पाचवीपासून मला ते दिसतंय. सोमवारी वर्गशिक्षिकेला भेटतेय. पार्लरला शनिवारी दोघी जाऊ, माझं नेहमीचं आहेच, तिने करायचं की नाही ते ती तिथे बसल्यावर ठरवणार आहे. आज शाळेत मास्क लावूनच गेली.