'टेम्पो' आणि 'की' मराठीत कसं लिहायचं?

तलावपाळी: एका छोट्या समूहगायनाच्या ध्वनिमुद्रणाची टीप मराठीत हवी आहे, रंगायतनात वाटायच्या पत्रकासाठी. मूळ मजकूर एवढाच: टेम्पो (वेग) ७२, की (कुठला सा आणि कुठले सूर) डी मायनर, सहा-आठचा ठेका, ५४ बार (ठेक्याचे फेरे), लांबी दीड मिनिट, चार आवाज, वाद्य नाही. मी 'लय ७२, पट्टी पांढरी दोन' केलं. तपासणाऱ्यांनी दोन्हींखाली लाल रेघ ओढली. लय म्हणजे तालच ना, आणि पट्टी फार पेटीवाल्यांची, असं त्यांचं म्हणणं.

पांढरी_सहा: पट्टी ठेवा. फक्त ती अर्धीच गोष्ट सांगते. पांढरी दोन, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी, डी, म्हटलं की षड्ज (सा) कळला; मायनर कुठे गेलं? गंधार, धैवत, निषाद कोमल असं जोडा, म्हणजे आसावरी थाटाचे सूर. नाहीतर वाचणारा त्याच पट्टीत बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध सूर, धरेल.

पाचपाखाडी: डी मायनरला 'रे लघुश्रेणी' लिहा की. मराठी आहे, नेमकंही आहे.

पांढरी_सहा: अहो, रे लिहिलंत तर लोक ऋषभ समजतील. आपला सा हलता, त्यांचा डी ठाम. आणि 'लघुश्रेणी' कुठल्या क्लासात ऐकलंत?

पाचपाखाडी: न ऐकलेला शब्द वापरल्याशिवाय रुळणार कसा? घरपट्टी, पाणीपट्टी, जखमेवरची पट्टी, आता ही आणखी एक!

कोपरी_ठेका: पट्टीचं राहू द्या, खरा घोळ ७२ मध्ये आहे. सहा-आठमध्ये बारला सहा छोटे ठोके, पण मोजतात तीन-तीनचे दोन गट. ७२ हा आकडा त्या मोठ्या ठोक्याचा. ताळा करा: ५४ बार, प्रत्येकी दोन, म्हणजे १०८ ठोके, मिनिटाला ७२ प्रमाणे बरोबर दीड मिनिट. तुम्ही 'मिनिटाला ७२ मात्रा' छापलंत तर तबलजी दादऱ्याच्या सहा मात्रा मोजेल आणि तेच गाणं साडेचार मिनिटांवर जाईल. मात्रा लिहायच्या तर २१६ लिहा.

वाशी_सेक्टर_सतरा: आकडा कशाला, 'मध्यलय' पुरे.

कोपरी_ठेका: कोणाची मध्यलय? ख्यालातल्या विलंबित एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते. त्या मापाने हे द्रुतच. आणि तपासणाऱ्यांना सांगा, लय म्हणजे दोन मात्रांमधलं अंतर, ताल म्हणजे मात्रांची मांडणी.

पाचपाखाडी: 'लय ७२' वाचून कोणी 'लय भारी' म्हणू नये म्हणजे मिळवली. 'गती' बरं.

कोपरी_ठेका: गती वाढली तर गाडी पुढे जाते. गाणं लयीतच राहावं लागतं.

वाशी_सेक्टर_सतरा: मग 'टेम्पो'च ठेवा, सगळ्यांना कळतं.

तलावपाळी: ठाण्यात टेम्पो म्हणजे घोडबंदर रोडला अडकलेला. 'टेम्पो ७२' हा गाडीचा नंबर वाटेल.

वाशी_सेक्टर_सतरा: शब्द एकच हो! इटालियनमध्ये टेम्पो म्हणजे वेळ. जर्मन तीनचाकीने तेच नाव घेतलं, मग आपल्याकडे बजाज टेम्पो आली. २००५ मध्ये कंपनी फोर्स मोटर्स झाली, तरी माल वाहणारं काहीही दिसलं की आपण टेम्पोच म्हणतो.

पाचपाखाडी: आता 'छोटा हत्ती' म्हणतात. मराठीचा विजय.

पांढरी_सहा: हत्ती बाजूला ठेवून एक बघा. वाद्याविना गाताना वृंदाचा सूर हळूहळू उतरतो. पांढरी दोनवर सुरू झालेलं शेवटी काळी एकला टेकलेलं असू शकतं, म्हणून 'आरंभीची पट्टी' लिहा. आणि पट्टी ओळखणाऱ्या अॅपवर विसंबू नका. डी मायनर आणि एफ मेजरचे सातही सूर तेच, त्यामुळे ते बिनधास्त पांढरी चार सांगून मोकळं होतं.

तलावपाळी: लिहितो. आता लाल रेघ '५४ बार'खाली आली आहे. म्हणे, ठाण्याच्या पत्रकात हे बरं दिसत नाही.

पाचपाखाडी: 'बार'ऐवजी आवर्तनं, म्हणजे तालाचे पूर्ण फेरे!

कोपरी_ठेका: इथे दादऱ्याच्या सहा मात्रांमुळे जुळतंय. पुढचं गाणं चार-चारचं असलं, तर सोळा मात्रांच्या तीनतालाच्या एका आवर्तनात चार बार बसतील. तेव्हा काय करणार?

पाचपाखाडी: 'खंड' कसा वाटतो?

कोपरी_ठेका: खंड म्हणजे तालाचा विभाग. तीनतालात चार, दादऱ्यात दोन. म्हणजे तुमचे ५४ लगेच १०८ झाले.