अँटीबॉडीचा आकडा ४६ आला. संरक्षण कमी समजावे का?

पालक, मानेवाडा
माझी मुलगी नागपुरातच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिपॅटायटिस-बी लसीचे तिन्ही डोस झाल्यावर साधारण दीड महिन्याने तिची अँटी-एचबीएस (या आजाराविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी मोजणारी) तपासणी केली, तेव्हा आकडा ४६ आला. तिच्या मैत्रिणीचा मात्र ८०० च्या वर आहे. मुलगी वॉर्डात सुया हाताळते, म्हणून विचारतो की मैत्रिणीपेक्षा ती कमी सुरक्षित आहे, असे समजावे का?

पॅथॉलॉजिस्ट (निवृत्त), रामदासपेठ
तसे समजू नये. या तपासणीत १० एमआययू प्रति मिलिलिटर ही सीमा मानतात, कारण पूर्ण डोसांनंतर ज्यांची पातळी तिच्या वर गेली, त्या निरोगी व्यक्तींमध्ये पुढे हा आजार क्वचितच आढळला. मात्र तपासणी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत झालेली असावी लागते, आणि तुमची तशी झालेली आहे. पुढे काही वर्षांनी आकडा १० च्या खाली उतरला तरी स्मृतिपेशी, म्हणजे लसीची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, शिल्लक राहतात. शिवाय या विषाणूला आजार घडवायला एक ते सहा महिने लागत असल्यामुळे त्या पेशींना नव्याने अँटीबॉडी तयार करायला पुरेशी सवड मिळते. डायलिसिसच्या रुग्णांना हे लागू नाही; त्यांची पातळी दरवर्षी पाहावी लागते.

वाचक, सीताबर्डी
पण ब्रिटनमध्ये १० ते १०० च्या दरम्यान आकडा आल्यास एक जादा डोस देतात, असे वाचले आहे.

पॅथॉलॉजिस्ट (निवृत्त), रामदासपेठ
बरोबर आहे. कमी पातळीवर काही चाचण्या तितक्या विश्वासार्ह नसतात, म्हणून तेथे ही जादा खबरदारी घेतात. कॉलेजने डोस सुचवला तर जरूर घ्यावा, त्यात अपाय नाही. पण मैत्रिणीच्या आकड्याशी तुलना करून घेऊ नये.

गृहिणी, महाल
मग रेबीजच्या लसीनंतरचा अँटीबॉडीचा ०.५ हा आकडाही असाच धरायचा का? आमच्या गल्लीत कुत्री फार आहेत आणि मुलाने आधीच लस घेतलेली आहे.

पॅथॉलॉजिस्ट (निवृत्त), रामदासपेठ
नाही, येथे घाई महागात पडेल. रेबीजमध्ये ०.५ आययू प्रति मिलिलिटर म्हणजे शरीराने लसीला प्रतिसाद दिला, एवढेच. त्या भरवशावर चावा अंगावर काढायचा नसतो. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलालाही चावल्यावर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीचा एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो. फक्त इम्युनोग्लोब्युलिनची (तयार अँटीबॉडीच्या इंजेक्शनची) गरज उरत नाही. क्षयाच्या बीसीजी लसीला तर असा कोणताच मान्य आकडा नाही, आणि माँटू या क्षयाच्या त्वचाचाचणीत हातावर उठलेल्या गाठीवरूनही संरक्षण मोजता येत नाही.