कमी पाण्यात बाग करायची आहे, आखणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरामागे साधारण ६ बाय ४ मीटर जागा आहे. निम्म्या जागेत हिरवळ होती आणि उरलेल्या जागेत हौसेने जे मिळेल ते लावलेलं. उन्हाळ्यात रोज अर्धा तास पाइप धरून उभी राहायचे, तरी संध्याकाळी निम्म्या झाडांनी माना टाकलेल्या. एकदा सहज पाइपखाली बादली लावली. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली, म्हणजे अर्ध्या तासात ३०० लिटर. हा हिशोब केला नसता तर बरं झालं असतं!

यंदा हिरवळ काढली आणि उत्साहात एक घोळ घातला. कुंपणाच्या कोपऱ्यात प्लास्टिक अंथरून वर पांढरी खडी टाकली. फोटोत झकास दिसते. पण दुपारी तिथे पाय ठेववत नाही, शेजारच्या मोगऱ्याची पानं कडेने करपली, आणि पहिल्याच सरीचं पाणी प्लास्टिकवरून घसरून कुंपणाबाहेर गेलं. आता खडी उपसतेय.

जागेबद्दल: सकाळी घराची सावली, दुपारनंतर पश्चिमेचं कडक ऊन. उतार घराकडून कुंपणाकडे. माती चिकण, फूटभर खड्डा करून पाणी भरलं तर जिरायला चार तास लागले. मोगरा वाचवायचा आहे, थोडी भाजी हवी आहे. घरात लहान मूल आहे.

झाडांच्या याद्या भरपूर मिळाल्या. कुठे काय लावायचं तेच कळत नाही. ठिबकची एकच लाइन सगळीकडे फिरवली तर चालेल का? कपडे धुतलेलं पाणी वापरू का?

प्रतिसाद १

खडीचा घोळ बऱ्याच जणांनी घातलाय, वाईट वाटून घेऊ नका. कमी पाण्यावर बाग करायच्या या पद्धतीला झेरिस्केपिंग म्हणतात. हा शब्द १९८१ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेने काढला. झेरोस म्हणजे ग्रीकमध्ये कोरडं. लोकांना ते ‘झीरो’ ऐकू येतं आणि मग दगड ओतले जातात.

याद्या बाजूला ठेवा. जागेचं चित्र कागदावर काढा आणि तहानेप्रमाणे तीन पट्टे पाडा. भाजी आणि मोगरा घराजवळ, एकत्र. येताजाता नजर पडते आणि सकाळचं ऊनही चुकतं. मोगरा हलवायचा तर पावसाच्या तोंडावर, मुळांभोवतीच्या मातीसकट. मधल्या पट्ट्यात आठवड्याला एकदा पाणी पुरेल अशी झाडं: सदाफुली, गवती चहा, कोरफड. कुंपणालगत शेवगा आणि चाफा. शेवगा पश्चिमेलाच हवा, त्याच्या सावलीने दुपारी मधल्या पट्ट्याची तहान कमी होते. मात्र चिकण मातीत पाणी साचलं की दोघांची मुळं कुजतात, तेव्हा वीतभर उंचवटा करून लावा. पहिलं वर्षभर यांनाही पाणी द्यावंच लागेल. कमी पाण्याचं झाड आहे म्हणून लावल्या दिवसापासून उपाशी ठेवलं तर ते मरतं.

एकच लाइन नको. सगळ्यात तहानलेल्या झाडाच्या हिशोबाने चालवाल आणि बाकीची बुडवाल. पट्ट्यागणिक वेगळी तोटी बसवा.

उतार आहे ही तर चांगली गोष्ट. कुंपणाच्या अलीकडे उताराला आडवा, उथळ चर काढा आणि छपराचं पाणी पन्हळीतून तिथे सोडा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे छपराच्या दर चौरस मीटरला १ लिटर. ५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटरची सर आली तर १००० लिटर. थोडं वाया जाईल ते धरून चाला. चर घराच्या पायाजवळ मात्र नको.

कपड्यांच्या साबणातलं सोडियम चिकण मातीला आणखी घट्ट करतं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी शेवग्याला घाला, त्याच दिवशी. भाजीला नको.

प्रतिसाद २

तुम्हाला मिळालेल्या याद्यांमध्ये कण्हेर असेलच, ती गाळा. तिचं सगळं झाडच विषारी असतं. चाफ्याचा चीकही मुलाच्या डोळ्यांत जायला नको. आणि आच्छादन कुणी बोललंच नाही! पालापाचोळा ५ ते ८ सेंटिमीटर जाड, खोडापासून चार बोटं सोडून. पाणी घालायच्या आधी बोट मातीत खुपसा. आत ओल लागली तर झारी खाली ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आज मोगऱ्याच्या आळ्यात बोट घातलं तर वर भुगा आणि खाली चिखल! म्हणजे तो पाण्यावाचून नाही, खडीच्या धगीने करपला होता. मी मात्र रोज ओततच होते. आता पाणी थांबवलंय. चराचा एक प्रश्न राहिला: चिकण मातीत पाणी दोन दिवस तुंबून राहिलं तर डास होतील का? की तळाशी उपसलेली खडीच घालू?

प्रतिसाद १

दोन दिवसांत जिरलं तर डासांची अळी पुरी वाढत नाही. त्याहून जास्त थांबलं तर चर आणखी उथळ आणि रुंद करा. खडी घाला खुशाल, खाली प्लास्टिक तेवढं नको.