सोर ‘कायमचं नामशेष’ झालं म्हणणाऱ्यांसाठी

किनारेकर: कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय की सोर (टायर) हे प्राचीन बंदर-शहर पैशाने माजलं, बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याने शाप दिला आणि शहर पृथ्वीवरून पुसलं गेलं. आणि लोक खाली ‘आमेन’ लिहीत सुटलेत! बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने तेरा वर्षं वेढा घातला, तरी लूट मिळाली नाही. हे यहेज्केलच आपल्या ग्रंथाच्या २९व्या अध्यायात सांगतो: सैनिकांच्या डोक्यांना टक्कल पडलं, खांदे सोलवटले, मजुरी मात्र नाही. शहर पडलं इ.स.पू. ३३२ मध्ये, सिकंदरापुढे, सात महिन्यांनी. पुढे पुन्हा उभं राहिलं. येशूचा प्रेषित पौल तिथे सात दिवस राहिला. आजही लेबनॉनमध्ये ते नांदतंय.

वचनवाचक: पोस्ट माझीच आहे. २६वा अध्याय नीट वाचा. दगड, लाकडं, माती पाण्यात टाकतील असं लिहिलंय. सिकंदराने किनाऱ्यावरच्या जुन्या सोरचा मलबा समुद्रात लोटूनच बेटावरच्या शहरापर्यंत बांध घातला ना? माझ्या आजीने हा अध्याय मला तोंडपाठ करून घेतला होता. तिच्या श्रद्धेची टिंगल सहन करणार नाही.

किनारेकर: आजींबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. बांधाचं जुळतं, ठीक. पण ‘पुन्हा बांधली जाणार नाहीस’ हेही तिथेच आहे. त्याचं काय करता?

रंगारी: तुम्ही दोघं राजे आणि संदेष्टे यांच्यातच अडकलात. सोरचा पैसा आला जांभळ्या रंगातून, तो काढणाऱ्या माणसांबद्दल कोण बोलणार? माझी उमेदीची वर्षं इचलकरंजीत कापड रंगवण्यात गेली. वाफाळत्या टाकीवर उभं राहून घरी गेलं की पोरं जवळ येत नसत. सोरमध्ये तर समुद्री गोगलगायी फोडून त्यांची ग्रंथी काढायची आणि ते कुजकं पाणी दिवसेंदिवस मंद आचेवर ठेवायचं. रंगाच्या कारखान्यांमुळे शहरात राहणं नकोसं होतं, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय. १९०९ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १२,००० गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला. राजाच्या एका झग्यापायी किती हात कुजले असतील?

वचनवाचक: मग मी वेगळं काय म्हणतोय? २७व्या अध्यायातल्या मालाच्या यादीत चांदी, कथील, हस्तिदंत यांच्या रांगेत माणसंही आहेत. आमोस या दुसऱ्या संदेष्ट्यानेही सोरला दोष दिला तो बंदिवान शेजारच्या अदोम राज्याला विकले म्हणून. ही शिक्षा त्याची.

किनारेकर: शिक्षा कुणाला झाली पण? सिकंदराने २,००० जणांना किनाऱ्यावर क्रूसावर टांगलं, ३०,००० गुलाम म्हणून विकले. त्यात बायका, लेकरं होती. माणसं विकल्याची शिक्षा म्हणून माणसंच विकायची? याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रंगारी: त्या ३०,००० मध्ये रंगाच्या टाकीवरचेही असणारच.

माजी_फौजी: दक्षिण लेबनॉनमध्ये शांतिसेनेत होतो, सुट्टीत सोरला गेलो. रोमनांचं रथशर्यतींचं मैदान एवढं लांब की दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. बंदरात कोळी धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेले. शहर जिवंत आहे, डोळ्यांनी पाहिलंय.

वचनवाचक: जाळी पसरायची जागा होईल, हेच तर २६व्या अध्यायात आहे!

किनारेकर: जाळी आहेत म्हणजे कोळी आहेत, त्यांची घरं आहेत. नामशेष शहरात मासळी विकत कोण घेतं?

वचनवाचक: बरं, ‘पुसलं गेलं’ काढतो. ‘पहिलं वैभव गेलं’ लिहितो. त्यापलीकडे एक शब्द बदलणार नाही.

रंगारी: बदलताच आहात तर गुलामांचं आणि रंगाऱ्यांचंही लिहा.