गणपतीला गावी नेट नाही आणि निम्म्या गेम्स नेटशिवाय उघडतच नाहीत, हे ऑनलाइन-ओन्ली प्रकरण नक्की कशासाठी?

चिपळूणचा_नेक्रो:
मंडळी नमस्कार. थोडा वैताग आणि थोडा खरा प्रश्न असं मिक्स आहे, सांभाळून घ्या. गणपतीला गावी चाललोय. घर चिपळूणपासून बरंच आत, रेंज येते ती फक्त मागच्या पडवीत खांबाला टेकून उभं राहिलं तर, तेही पाऊस नसेल तर, आणि भाद्रपदात आमच्याकडे पाऊस नाही असं कधी झालंय. तर म्हटलं लॅपटॉप न्यावा, आरत्या, जेवणं, पत्ते सगळं आटोपलं की रात्री मी आणि चुलतभाऊ बसून राक्षस बडवू. लायब्ररी उघडून बघतो तर डायब्लो ३ पीसीवर नेटशिवाय चालत नाही, डायब्लो ४ नाही, पाथ ऑफ एक्झाइल नाही, तिचा दुसरा भागही नाही. अरे पण मी एकटा खेळतो! ट्रेड नाही, पार्टी नाही, चॅट तर पहिल्याच दिवशी बंद केलेला. माझ्या नेक्रोमॅन्सरने, म्हणजे मुडदे उठवणाऱ्या जादूगाराने, पाळलेल्या सांगाड्यांनी माझ्याच लॅपटॉपवर कोणाला मारायचं तर त्याला समुद्रापलीकडच्या सर्व्हरची परवानगी कशाला लागते?
प्रश्न दोन. पायरसी सोडून याला काही खरं कारण आहे का? आणि नेटशिवाय चालेल असं काय नेऊ?

जुना_पापी:
खरं कारण आहे, पण त्यासाठी २००० सालात जावं लागेल. डायब्लो २ मध्ये दोन प्रकारची कॅरॅक्टर्स होती. एक तुमच्या कॉम्प्युटरवर सेव्ह व्हायचं, ते घेऊन तुम्ही ओपन बॅटल.नेटवर, म्हणजे डायब्लो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या ऑनलाइन सेवेवर, जाऊ शकायचात. दुसरं ब्लिझार्डच्या सर्व्हरवर राहायचं, ते क्लोज्ड. आता फाइल आपल्याच मशीनवर म्हटल्यावर काय होणार, एडिटर घेतला, आकडे बदलले, झालं. ओपनमध्ये गेलात की समोरचा पोरगा असली तलवार घेऊन उभा असायचा की गेम बनवणाऱ्यांनीही ती कधी पाहिली नसेल. आम्ही सायबर कॅफेत रात्रभर बसून जे मिळवायचो ते त्याने पाच मिनिटात टाइप केलेलं. तेव्हा वैताग यायचा, आता हसू येतं.
क्लोज्डमध्ये तरी सगळं शुद्ध होतं का, तर तेही नाही. ड्यूप, म्हणजे एका वस्तूच्या बग वापरून दोन करणं, धो धो चालायचं. स्टोन ऑफ जॉर्डन ही अंगठी तर चक्क चलन झाली होती, सोनं कोणी विचारत नव्हतं, भाव अंगठ्यांमध्ये. मग २००३ च्या १.१० पॅचमध्ये त्यांनी काय डोकं लावलं बघा, सर्व्हरवर पुरेशा अंगठ्या दुकानदाराला विकल्या गेल्या की एक महाडायब्लो प्रकट होणार आणि त्याला मारलं की ॲनिहिलस नावाचा चार्म, म्हणजे ताईतासारखी वस्तू, मिळणार. लोकांनी साठवलेल्या अंगठ्या स्वतःच्या हाताने दुकानात नेऊन टाकल्या. फुगलेला पैसा बाजारातून काढून घ्यायची याहून गमतीशीर पद्धत मी कुठे पाहिली नाही.
हे सगळं भोगलेली कंपनी पुढची गेम बनवताना म्हणणार की आता सगळी कॅरॅक्टर्स आमच्याकडेच राहतील, हे मला समजतं. नंतर जे केलं ते समजत नाही.

लूटपिसाट:
नंतर काय केलं ते मी सांगतो. डायब्लो ३ मध्ये खऱ्या पैशाचं ऑक्शन हाऊस, म्हणजे लिलावाचा बाजार. तुम्ही मिळवलेली वस्तू डॉलरमध्ये विकायची आणि प्रत्येक सौद्यात कंपनीचा कट. एवढा बाजार मांडायचा म्हटल्यावर गल्ल्याची किल्ली गिऱ्हाइकाकडे कशी ठेवतील? १५ मे २०१२ ला गेम आली आणि पहिल्या रात्री जगभर लोक एरर ३७, म्हणजे सर्व्हर भरलाय, नंतर या, बघत बसले, एकट्याने खेळणारे सुद्धा. बरं एवढं करून ड्यूप थांबला का? मे २०१३ मध्ये १.०.८ पॅच आला आणि ऑक्शन रद्द केला की सोनं वाढतंय असा बग निघाला, लोकांनी सोन्याचे डोंगर केले, शेवटी बाजारच बंद ठेवायला लागला. म्हणजे दार बंद, कुलूप लावलेलं, आणि भिंतीलाच भगदाड. मार्च २०१४ मध्ये ऑक्शन हाऊस कायमचं गुंडाळलं. गल्ला गेला पण कुलूप आजतागायत तिथेच आहे.
आणि खरी मजा पुढे. हीच डायब्लो ३ सप्टेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आली, पूर्ण ऑफलाइन! २०१८ ला स्विचवर आली, तीही ऑफलाइन चालते, एसटीत बसून खेळा. तेच राक्षस, तेच बॉस. त्यामुळे "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" हे कोणी मला सांगू नका.

ताकभात_डेव्ह:
लूटपिसाट, कन्सोलचा मुद्दा बरोबर आहे पण तो वाटतो तितका फुकट नाही. मी गेमिंगमधला नाही, पण सर्व्हरचीच भाकरी खातो म्हणून सांगतो. अशा गेममध्ये आपल्या लॅपटॉपवर जी दिसते ती फक्त खिडकी असते. राक्षस कुठे उभा आहे, तुमचा वार लागला की नाही, मेल्यावर त्याच्यातून काय पडलं, हे फासे सर्व्हरवर पडतात आणि तुम्हाला निकाल कळवला जातो. मग ऑफलाइन द्यायची म्हणजे ते फासे टाकणारं यंत्र तुमच्या मशीनवर पाठवायचं. एकदा ते बाहेर गेलं की चीट बनवणारे ते उलगडून बसणार आणि तेच ज्ञान ऑनलाइनवाल्या बाजूला वापरणार. ही भीती खोटी नाही.
पण, आणि हा पण मोठा आहे, हे सगळं पहिल्या वर्षी ठरवायचं असतं. घर बांधताना दुसरा जिना ठेवायचा की नाही असं आहे ते, नंतर स्लॅब फोडून जिना काढायला कोणी तयार होत नाही. लास्ट इपॉक या अशाच गेमवाल्यांनी काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १.० आली तेव्हा पूर्ण ऑफलाइन मोड होता, फक्त ऑफलाइनचं कॅरॅक्टर ऑनलाइन नेता येत नाही. पहिले काही दिवस त्यांच्या सर्व्हरची पार वाट लागली होती, लोक लोडिंगवर अडकलेले, आणि ऑफलाइनवाले आरामात खेळत होते. जुना_पापींनी ज्या दोन प्रकारच्या कॅरॅक्टर्सचं सांगितलं तीच ही युक्ती, फक्त मधली भिंत नीट बांधलेली.

नागपूरचा_एक्झाइल:
सगळे एकाच बाजूने बडवताय म्हणून मी जरा दुसरी बाजू घेतो. पाथ ऑफ एक्झाइल नेटशिवाय चालत नाही ही माझ्यासाठी तक्रारच नाही, कारण ती गेम म्हणजेच बाजार आहे. दर तीन-चार महिन्यांनी नवी लीग, सगळे शून्यापासून, पहिल्या दिवशी एक साधं ऑर्ब, म्हणजे या गेममधलं चलन, मिळालं तरी त्याला किंमत असते कारण ते अजून कोणाकडेच नसतं. ऑफलाइन दिली की चौथ्या दिवशी लोक फाइल बदलून सगळं घेणार, पाचव्या दिवशी कंटाळणार. तुम्ही म्हणाल तो त्यांचा प्रश्न, मान्य, पण गेम फुकट आहे, स्टॅश टॅब, म्हणजे वस्तू साठवायचे कप्पे, आणि कपडे विकून ती बनवणारे ऑकलंडचे लोक २०१३ पासून दुकान चालवताहेत, तो टॅब ऑफलाइनवाला कशाला विकत घेईल? आणि गंमत म्हणजे याच गेममध्ये मिरर ऑफ कलांड्रा म्हणून एक भयंकर दुर्मिळ वस्तू आहे, तिचं काम एकच, दुसऱ्या वस्तूची नक्कल करणं. म्हणजे ड्यूपच, पण कायदेशीर. एवढा विश्वास बाजारावर असला तरच असली वस्तू ठेवता येते.
आता त्रास काय आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल पगार घेतो. सुरुवातीची दोन वर्षं डीसिंकने जीव काढला होता. तुम्हाला वाटतं आपण दाराबाहेर आलो, सर्व्हरच्या मते तुम्ही अजून आत आहात आणि चार राक्षस तुम्हाला खाताहेत. चॅटमध्ये ओओएस अशी कमांड टाकली की दोन्हीकडचं चित्र जुळायचं, लोक ती कमांड हल्ल्याच्या बटणालाच बांधून ठेवायचे. २०१५ ला लॉकस्टेप आलं, त्यात तुमचं मशीन सर्व्हरच्या होकाराची वाट बघतं, चित्र कधी तुटत नाही पण पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, जास्त असेल तर प्रत्येक क्लिक चिखलात पाय टाकल्यासारखी. पिंग कमी असेल तर लॉकस्टेप, जास्त असेल तर जुनं प्रेडिक्टिव्ह, ज्यात मशीन अंदाजाने पुढे जातं, निवड तुमची. आपल्याकडून खेळताना ही निवड रोजची आहे, ऑकलंड असो नाहीतर कॅलिफोर्निया, तिकडच्या माणसाला हे दुखणं लवकर कळत नाही.

चिपळूणचा_नेक्रो:
नागपूरकर, तुमची बाजू पटली, पण ती तुमच्या गेमची बाजू आहे. ज्यात मी पूर्ण पैसे मोजून डबा घेतला आणि बाजारात पाऊलच टाकत नाही तिथे मी भाजी न घेता मंडईचा कर का भरू?
आणि हार्डकोअरचं काय? मागच्या मे महिन्यात, गेमचं नाव घेत नाही नाहीतर तिचे भक्त येऊन बडवतील, माझं ८७ लेव्हलचं कॅरॅक्टर गेलं. सोसायटीत कोणीतरी केबल खोदली, नेट गेलं, मी मोडेमकडे धावतोय आणि तिकडे सर्व्हरवर माझा नेक्रो पुतळ्यासारखा उभा राहून मार खातोय. नेट आलं तेव्हा थडगं. हार्डकोअरमध्ये एकच जीव हे मान्य करूनच घेतलं होतं, चूक झाली असती तर हसत मेलो असतो. खोदणाऱ्याची कुदळ कुठल्या बिल्डमध्ये, म्हणजे कॅरॅक्टरच्या ताकदींच्या मांडणीत, बसते सांगा.

कुकरवाली_बार्बेरियन:
कोणीच पॉझबद्दल बोललं नाही म्हणून आले. माझ्यासाठी सगळ्या वादाचा जीव तिथे आहे. मुलगा झोपला की पाऊण तास मिळतो, त्यात कुकर, सासूबाईंची हाक, कुरिअरवाला. डायब्लो ४ मध्ये पॉझच नाही, कारण जग शेअर्ड आहे, माझ्यासाठी ते थांबणार कसं. बरं मग ऑनलाइन म्हटलं की पॉझ अशक्यच का? डायब्लो ३ पण ऑनलाइनच होती की, एकटं खेळताना एस्केप दाबलं की सगळं थांबायचं. पाथ ऑफ एक्झाइल २ मध्येही एकटी असले तर थांबतं. म्हणजे सर्व्हर असूनही थांबवता येतं, मुद्दा हा की बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर खेळणारी व्यक्ती कोण होती. तिच्या घरात कुकर होता का. मी ऑफलाइन गेमकडे वळले ती तत्त्वासाठी नाही, शिट्ट्या मोजता याव्यात म्हणून.
आणि नेक्रो, पुतळा होऊन मरण्याचं दुःख ओळखीचं आहे, माझी बार्बेरियन तर दूध उतू गेल्यामुळे गेली होती.

लूटपिसाट:
ताई, दुधाला हार्डकोअर लागू करायला पाहिजे 😄
अजून एक सांगायचं राहिलं, सर्व्हर एक दिवस बंद होतो. मार्व्हल हीरोज आठवते का कोणाला? जून २०१३ ला आली, डायब्लोच्या धाटणीची, स्पायडरमॅन वगैरे घेऊन लूट गोळा करायची. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बंद. कन्सोलवर तर त्याच वर्षी आली आणि त्याच वर्षी गेली. लोकांनी कपड्यांवर ओतलेले पैसे, हजारो तास, सगळं एका रात्रीत. पुढे चाहत्यांनीच खटपट करून स्वतःचा सर्व्हर लिहायला घेतला, नाहीतर आज ती गेम दाखवायलाही उरली नसती. याउलट २००६ ची टायटन क्वेस्ट आजही दोन क्लिकमध्ये उघडते.
मार्च २०२४ मध्ये युबिसॉफ्टने द क्रू ही रेसिंग गेम अशीच बंद केली, त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली, युरोपात त्यांच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे, कायम सर्व्हर चालवा असं कोणी म्हणत नाही, जाताना खेळता येईल अशा अवस्थेत ठेवून जा.

ताकभात_डेव्ह:
आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की दुकानदाराने "विकत घ्या" म्हणताना हे फक्त लायसन्स आहे हे स्पष्ट सांगायचं. स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये आता ती ओळ दिसते. दिसते म्हणजे, मी तरी ती वाचून पुढे पैसे भरलेच.

जुना_पापी:
भरणारच. मूळ प्रश्नाकडे येतो, पोराला गाडी पकडायची आहे. नेक्रो, पहिली पसंती ग्रिम डॉन. २०१६ ची आहे पण दोन क्लास एकत्र करून बिल्ड करायची मजा आजही कोणाला जमलेली नाही, सांगाडे पाळायला नेक्रोमॅन्सर पाहिजे असेल तर ॲशेस ऑफ मालमथ हे एक्स्पान्शन घे, मूळ गेममध्ये तो नाही. कंपनीचा सर्व्हर वगैरे भानगड नाही, सेव्ह तुझ्या डिस्कवर, चीट करायचं तर कर, देव बघतोय. चुलतभावासोबत हलकंफुलकं हवं असेल तर टॉर्चलाइट २, लॅनवर, म्हणजे नेटशिवाय दोन लॅपटॉप एकमेकांना जोडून, चालते, जुन्या लॅपटॉपवर पळते, आणि पाळीव प्राणी तुझा माल गावात नेऊन विकून येतो, हे प्रत्येक गेममध्ये असायला हवं होतं. डायब्लोच हवी तर डायब्लो २ रिझरेक्टेड ऑफलाइन कॅरॅक्टरने चालते, पण त्यात लॅन काढून टाकलंय, आणि लॉगिन अधूनमधून तपासते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी एकदा ऑनलाइन उघड.
एकच काम कर, घरीच वायफाय बंद करून सगळ्या गेम्स एकदा चालू करून बघ. पडवीत खांबाला टेकून अपडेट उतरवायची वेळ येऊ नये.

चिपळूणचा_नेक्रो:
ग्रिम डॉन आणि टॉर्चलाइट २ दोन्ही घेतल्या, भावालाही घ्यायला लावल्या. वायफाय बंद करून बघितलं, उघडल्या. लॅनची वायरही घेतली पाच मीटर. आता भाऊ फोन करून सांगतोय की त्याच्या नव्या लॅपटॉपला वायर लावायचं भोकच नाही.

ताकभात_डेव्ह:
वायर परत कर. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, डेटा बंद ठेवला तरी चालेल, दोन्ही लॅपटॉप त्याला जोडा. लॅन तयार. रेंजची गरज नाही, फोन चार्ज करून ठेवा फक्त.

कुकरवाली_बार्बेरियन:
आणि मोदकाचे हात कीबोर्डला लावू नका.