मदत हवी आहे : रात्री रस्त्यावर उभ्या गाडीत डॅशकॅम काहीच रेकॉर्ड करत नाही

नळस्टॉप
कोथरूडमधली जुनी सोसायटी, आत पार्किंग नाही. गाडी रात्री १० ते सकाळी ८ गल्लीत उभी असते. गल्लीत इतर दोन गाड्यांच्या मागच्या दाराच्या काचा फोडून बॅगा गेल्या आहेत, म्हणून कॅमेरा नीट कामाला लावायचा आहे.

गाडी : पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी, रोजचं चालवणं ६-७ किमी.
कॅमेरा : पुढे १४४०पी, मागे १०८०पी. लायटर सॉकेटवर जोडलेला. ६४ जीबीचं साधं कार्ड.
सेटिंग : पार्किंग मोड (गाडी बंद असताना राखण करायचा) चालू, जी-सेन्सर (धक्का ओळखणारा) मिडियम.

अडचण : गाडी बंद करून मागच्या दाराच्या काचेवर कितीही थापटलं तरी फाइल बनत नाही. बोनेटवर जोरात हात मारला तर कधीतरी १० सेकंदांची क्लिप मिळते, तीसुद्धा हात मारून झाल्यानंतरची. हा सेटिंगचा घोळ की वायरिंगचा? कायमचा करंट दिला तर बॅटरी बसेल का? आणि रेकॉर्डिंग मिळालंच तर पोलिस आणि विमा कंपनी ते कितपत धरतात?

पाना_पक्कड
सेटिंगचा प्रश्न नाही, कॅमेऱ्याला वीजच मिळत नाहीये. तुमच्या गाडीत किल्ली काढली की लायटर सॉकेट मेलेलं दिसतंय. मेन्यूत पार्किंग मोड चालू दिसतो, पण कॅमेरा स्वतःच्या इवल्याशा बॅटरीवर झोपलेला असतो. मोठा धक्का बसला की उठतो, उठायला काही सेकंद घेतो आणि दहा सेकंद टिपून परत झोपतो. काच फोडून बॅग ओढायला चोराला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे क्लिपमध्ये रिकामी गल्ली.

तीन वायरींचं हार्डवायर किट घ्या. पिवळी बहुधा कायमच्या पुरवठ्याला, लाल एसीसीला (किल्ली फिरवल्यावरच येणारा पुरवठा), काळी बॉडीला. रंगांवर विसंबू नका, किटचा कागद वाचा. दोन फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारे जोड) लागतील. फ्यूजचा आकार (मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो-२) आधी फ्यूज काढून बघा, मग टॅप आणा. टॅपच्या वरच्या खाचेत कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज. एअरबॅग, एबीएस (ब्रेक), ईसीयू (इंजिनचा संगणक) यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

मल्टीमीटरने एसीसीची जागा शोधा : किल्ली चालू असताना १२ व्होल्ट, बंद केल्यावर शून्य. कायमच्या पुरवठ्यासाठी छतावरच्या दिव्याचा फ्यूज टाळा. बऱ्याच गाड्यांत बीसीएम (दिवे-लॉक सांभाळणारा संगणक) काही मिनिटांनी तो पुरवठा स्वतःच तोडतो. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, तेव्हाही १२ च्या वर असेल तरच ती जागा खरी. उलट दोन्ही वायरी कायमच्या पुरवठ्यावर गेल्या तर कॅमेऱ्याला गाडी अखंड चालूच वाटते आणि पार्किंग मोड कधी लागतच नाही. वायरिंगवाल्यांकडून होणारी ही नेहमीची चूक.

टॅप उलटा बसू शकतो. तपासायला सोपं : टॅपमधला मूळ फ्यूज काढा. कॅमेऱ्याच्या वायरीत तरीही करंट असेल तर बरोबर बसलाय, गेला तर फिरवून बसवा.

वायर ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) उतरवताना तिथे कर्टन एअरबॅग आहे का बघा. असेल तर वायर तिच्या मागून न्यायची, पुढून नाही. यात काटकसर नको.

फ्यूजउडाला
बॅटरीचा हिशेब : दोन चॅनेलचा कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर खातो. १० तासांचे ३ एएच, गाडीची स्वतःची गळती धरून साडेतीन. ३५ एएचच्या चांगल्या बॅटरीला एका रात्रीचा हा भार काहीच नाही. तुमची खरी अडचण ६-७ किमी आहे. तेवढ्या चालवण्यात, त्यात एसी आणि दिवे चालू, रात्रीचे साडेतीन एएच भरून येतीलच असं नाही. रोज थोडी तूट साठत जाते आणि पंधरवड्यानंतर एका सकाळी स्टार्टर नुसता कटकट करतो.

म्हणून किटचा कट-ऑफ (ज्या व्होल्टला किट कॅमेरा बंद करतं) १२.० वर ठेवू नका. विश्रांतीतल्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.२ म्हणजे जेमतेम निम्मा चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण. तुम्ही १२.४ ठेवा, बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नक्कीच. पहाटे चारला कॅमेरा बंद पडला तरी चालेल, सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे. आठवड्यातून एकदा तासभर हायवेला फिरवा. एवढं करूनही पहाटे बंद पडत असेल तर वेगळा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक लावतात. साधारण ७५ वॉट-तासांच्या पॅकवर ४ वॉटचा कॅमेरा १८ तासांच्या आसपास चालतो, गाडीच्या बॅटरीला हात न लावता. महाग आहे, आणि तोही चालत्या गाडीतच भरावा लागतो.

ज्यांच्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर आहे त्यांनी काळी वायर थेट त्या टोकाला लावू नये, बॉडीच्या बोल्टला लावावी. नाहीतर सेन्सरला हा खर्च दिसतच नाही.

आणखी एक : आत लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा एप्रिल-मेच्या उन्हात काचेमागे फुगतो. पुढचा घ्याल तेव्हा बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला घ्या.

नळस्टॉप
वायरिंग समजलं. पण मग जी-सेन्सर हायवर ठेवला तर दाराची काच फुटताना कळेल?

पाना_पक्कड
भरवशाचं नाही. दाराची काच टफन्ड असते. स्पार्क प्लगच्या सिरॅमिकचा बारीक तुकडा फेकला किंवा गलोलीने छर्रा मारला की तिचा एकदम चुरा होतो, गाडी हलतसुद्धा नाही. मुठीने थापटण्यापेक्षा कमी धक्का. हायवर ठेवलंत तर शेजारून डंपर गेला की फाइल, ढोल-ताशा पथक गेलं की फाइलच फाइल. त्या लॉक झालेल्या फाइलींवर लूप रेकॉर्डिंग (जुनं पुसून नवं लिहिणारं) लिहीत नाही, मग कार्ड भरतं आणि ऐन वेळी जागा नसते.

जी-सेन्सर लो ठेवा आणि पार्किंगला 'लो बिटरेट'वर (कमी जागा खाणारं) सलग रेकॉर्डिंग लावा. दोन्ही चॅनेल मिळून ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरले तर तासाला ३.६ जीबी, १० तासांना ३६ जीबी. तुमच्या ६४ मध्ये एक रात्र बसते, पण शनिवारचं सोमवारी बघायचं तर १२८ घ्या, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच. साधं कार्ड सतत लिहून मरतं आणि मरताना सांगत नाही : लाल दिवा लुकलुकतो, आत काही नसतं. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. टाइम लॅप्स जागा वाचवतो, पण सेकंदाला एक चित्र आलं तर चेहरा नेमका दोन चित्रांच्या मध्ये सापडतो.

आता मुख्य मुद्दा. पुढचा आणि मागचा कॅमेरा दार बघतच नाहीत. चोर मागच्या दाराशी उभा असेल तर समोरच्या कॅमेऱ्यात फार तर तो चालत येताना दिसेल. त्यासाठी आत बघणारा, इन्फ्रारेड दिवे असलेला तिसरा कॅमेरा लागतो. आरशाजवळून मागे तोंड करून लावला की चारही दारांच्या काचा चौकटीत येतात. रात्री इन्फ्रारेडमध्ये बाहेरचं काळंच दिसतं, पण आत वाकलेला चेहरा आणि हात स्वच्छ येतात. वीजखर्च वाढेल, वरचा हिशेब पुन्हा करा. घरचे लोकही त्यात दिसणार, त्यांना सांगून ठेवा आणि आवाज बंद ठेवा.

अंधारात पळणाऱ्या दुचाकीची नंबर प्लेट मिळेल ही आशा सोडा. लांब एक्सपोजरमध्ये अक्षरं फराटली जातात. गल्लीतल्या दिव्याखाली गाडी लावणं हे कुठल्याही महाग सेन्सरपेक्षा उपयोगी. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, नाहीतर दिवे चमचमतात.

कलम_कागद
पुराव्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे (जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब). इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा जणू ठसा, ती जराही बदलली की बदलतो) लिहावं लागतं. म्हणून चोरी दिसली की पहिलं काम कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढणं. लूप चालू राहिला तर त्याच दिवशी फाइल पुसली जाऊ शकते. अख्खी फाइल कॉपी करा, एसएचए-२५६ हॅश काढून ठेवा (विंडोजमध्ये सर्टयुटिलने निघतं), मूळ कार्ड पाकिटात. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ आकसतो आणि हॅश बदलतं. पेन ड्राइव्ह द्या आणि दिल्याची पोच घ्या.

कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. काहींत टाइम झोन पूर्ण तासांचेच असतात, भारताचं साडेपाच बसत नाही, आणि जीपीएस रोज वेळ अर्धा तास चुकवत राहतो. अशा वेळी जीपीएस-वेळ बंद करून हाताने लावा.

ऑनलाइन तक्रार केलीत तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ नुसार तीन दिवसांत सही करावी लागते. विम्यात काच 'ओन डॅमेज'मध्ये (स्वतःच्या गाडीचं नुकसान) येते आणि काचेवर घसारा लागत नाही. १५०० सीसीपर्यंत ₹१,००० सक्तीची वजावट आहे. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाणार असेल तर आधी काचेचं कोटेशन घ्या, बहुतेकदा खिशातून भरणंच परवडतं. बॅग-लॅपटॉप मूळ पॉलिसीत नसतात, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन असतं.

काळ्या फिल्मचा सल्ला कोणी देईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच ती बंद केली आहे, दंड होतो.

नळस्टॉप
आभारी आहे. मल्टीमीटर लावला. एसीसीसाठी वायपरचा फ्यूज मिळाला, कायमच्यासाठी हॅझर्डचा : लॉक करून अर्ध्या तासाने १२.५. दोन्ही लो-प्रोफाइल मिनी आहेत. वायपर एसीसीला चालेल ना? किल्ली पहिल्या टप्प्यावर शून्य दाखवतो, दुसऱ्यावर १२.

पाना_पक्कड
चालेल. पहिल्या टप्प्यावर गाणी ऐकत बसलात तर कॅमेरा पार्किंग मोडमध्येच राहील, एवढंच. टॅप लावून झाकण बसतं का तेवढं बघा. मिनीचा टॅप उंच असतो आणि लो-प्रोफाइलच्या खाचेत सैल बसतो, गरम होतो.