प्रति: डोकं हलवायचंच नाही का?
गोल्फचा फटका मारताना ‘डोकं जागचं हलता कामा नये, बॉल टॉप होतो तो मान वर केल्यामुळेच’ असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. (टॉप होणं म्हणजे क्लब, गोल्फची काठी, बॉलच्या वरच्या भागाला लागणं.) पहिलं विधान अर्धवटच पटतं आणि दुसरं बहुतेक वेळा उलट असतं. डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली बॉलकडे आणताना, कंबर बॉलच्या दिशेने सरकते, हातांना जागा उरत नाही, म्हणून पाठीचा बाक सरळ होतो आणि त्याबरोबर डोकं वर येतं. ते दाबून धरायला हनुवटी छातीत खुपसली की डावा खांदा तिच्याखालून जायला वावच राहत नाही. बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे वर नेणं, अर्धवट राहतो, वजन डाव्या पायावर अडकतं. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी.)

शिवाय डोकं वळणं वेगळं, सरकणं वेगळं. अ‍ॅनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड डुव्हाल या गोल्फपटूंचा चेहरा तर क्लब बॉलला लागण्याआधीच टार्गेटकडे वळू लागायचा, आणि दोघंही जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोचले! ड्रायव्हर (सर्वात लांब फटक्याचा क्लब) मारताना बॅकस्विंगमध्ये डोकं इंचभर उजवीकडे गेलं तरी चालतं. इम्पॅक्टआधी, म्हणजे क्लब बॉलला लागण्याआधी, ते बॉलच्या पुढे गेलं की मात्र फटका बिघडतो. कंबर बॉलकडे सरकते का ते तपासायचं तर भिंतीकडे पाठ करून, हातांची घडी छातीवर घालून, कुल्ले भिंतीला जेमतेम टेकतील असं कंबरेतून वाका. मागे वळताना उजवा कुल्ला टेकलेला राहायला हवा, पुढे येताना डावा. मध्येच दोन्ही सुटत असतील तर क्लब हातात न घेता आधी एवढंच सावकाश घोटवा.